मिसर देशांतील भग्नावशेषांचीं आद्य छायाचित्रें

इतिहाससंशोधनांत अस्सल कागदाची जी योग्यता, तीच वास्तुसंशोधनांत वास्तूच्या विश्वसनीय चित्राची होय. मात्र कागदाप्रमाणें चित्रहि पारखून घेतलें पाहिजे. मिसर देशांतील आद्य छायाचित्रांवरून हें चांगलें प्रत्ययास येतें.

इ. स. १८३९ च्या जुलै महिन्यांत आरागो या ज्योतिर्विदानें दागेर याच्या शोधाचा पुरस्कार फ्रेंच प्रतिनिधिसभेपुढें केला, तेव्हां त्यानें मिसरचेंच उदाहरण दिलें. थीब्ज, मेंफिस व कार्नाक येथील लक्षावधि चित्राक्षरें उतरून घेण्यास चित्रकारांच्या पलटणी व कित्येक दशकें लागतील. या यंत्रानें तें काम एकटा मनुष्य करील, असें त्याचें प्रतिपादन होतें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत व्हर्ने व गूपिल-फेस्के हे यंत्र घेऊन अलेक्झांड्रियास पोंचलेहि. परंतु दागेरच्या पत्र्यावर एकच प्रतिमा उठे. तिच्या प्रती निघत नसत. कागदी प्रतिमांची रीत आल्यावर ही अडचण दूर झाली. माक्सीम द्यू कां यानें १८४९ ते १८५१ या प्रवासांत घेतलेलीं १२५ चित्रें १८५२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. वास्तूची उंची कळावी म्हणून तो हाजी इस्माईल नांवाच्या खलाशास भग्नावशेषांवर उभा करी. यंत्राची पितळी नळी ही तोफ असून हललास तर ती सुटेल, अशी धास्तीहि त्यास घाली.

आतां अर्मंत येथील देवालयाचा दाखला पाहूं. सातवी क्लिओपात्रा व तिचा पुत्र सीझेरियन यांच्या काळचें हें मंदिर १८६० नंतर थोड्याच वर्षांत पाडण्यांत आलें व त्याचे दगड साखरेच्या कारखान्याच्या बांधकामीं लागले. द्यू कां, तेनार प्रभृतींनीं तत्पूर्वीं घेतलेल्या छायाचित्रांत त्याचे स्तंभ उभे दिसतात. पण आंतील अंधाऱ्या भिंतींवरील मूर्ति व लेख यांसाठीं नेपोलियनबरोबर गेलेल्या पंडितांनीं व पुढें १८४२ ते १८४५ च्या मोहिमेंत लेप्सियसनें करविलेल्या रेखाटनांकडेच वळावें लागतें. सूर्यप्रकाशावांचून यंत्र आंधळें होतें.

तात्पर्य, आरागोची भविष्यवाणी अर्धीच खरी ठरली. छायाचित्रानें वास्तूचें रूप राखलें, रेखाटनानें लेख राखले. दोहोंपैकीं एकच साधन हातीं असतें, तर अर्मंतचें ज्ञान पांगळें राहिलें असतें. म्हणून नवें साधन मिळालें तरी जुनें टाकूं नये, आणि कोणतेंहि चित्र कोणीं, केव्हां व कोठून घेतलें हें ठरविल्याखेरीज त्यास प्रमाण मानूं नये.