मुरुड-जंजिऱ्याला निघताय? आधी तिथी बघा

मुरुड : दिवाळी आटोपली की आपल्या जिल्ह्यात मुरुडच्या रस्त्याला गाड्यांची रीघ लागते. बरेच जण सकाळी येतात, किल्ला बघतात आणि संध्याकाळी परत. पण इथली प्रत्येक गोष्ट भरती-ओहोटी आणि वाऱ्यावर चालते, हे ध्यानात घेऊन आलं तर सहल चांगली होते आणि जीवही सांभाळला जातो.

कसं जायचं?
अलिबागहून रेवदंडा, साळावचा पूल, काशीद, नांदगाव करत मुरुड साधारण ५० किलोमीटर. रेल्वेने यायचं तर रोह्याला उतरून पुढे एसटी किंवा गाडी. श्रीवर्धनकडून येणाऱ्यांना दिघीहून आगरदांड्याला गाडीसकट जंगलजेटीने खाडी ओलांडता येते.

शिडाची होडी
किल्ल्यावर जायच्या होड्या मुरुडच्या पुढे राजपुरी गावातून सुटतात. शिडाच्या होडीत बसायची मजा इथे अजून मिळते. वारा चांगला असला की होडी सरसर जाते, पडला की वेळ लागतो. नाखव्याला घाई करू नका. एका बाजूला गर्दी करायची नाही, उभं राहून फोटो काढायचे नाहीत, लाइफ जॅकेट मागून घ्यायचं. पावसाळ्यात होड्या बंद असतात, त्यामुळे जून ते ऑगस्ट किल्ल्याचा बेत करू नये.

इतिहास काय?
'जझीरा' म्हणजे अरबीत बेट, त्यावरून जंजिरा. मूळच्या आफ्रिकेतल्या सिद्दींची इथे सत्ता होती. किल्ल्याचा मुख्य दरवाजा राजपुरीच्या बाजूला आहे, पण होडी जवळ गेल्याशिवाय तो दिसत नाही. आत गोड्या पाण्याचे दोन तलाव आणि तटावर कलालबांगडी तोफ आहे. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं पाणी, म्हणून वेढा घालूनही किल्ला हाती लागत नसे.

शिवाजी महाराजांनी सिद्दीला शह द्यायला जवळच्या कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला. मुरुडच्या किनाऱ्यावरून समोर दिसतो तो हाच. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी तर राजपुरीच्या बाजूने समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली होती. मुघलांची स्वारी आल्याने ते काम अर्धवट राहिलं. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं.

भरतीचा हिशोब
फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याहून सहलीला आलेली १४ मुलं-मुली मुरुडच्या समुद्रात बुडाली. किनारा लांबलचक, सपाट आणि शांत दिसतो, म्हणून माणूस फसतो.

मी शेतकरी, घरात पंचांग असतंच. कोळी बांधवांचा साधा हिशोब असा : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे ३ च्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण ६ तासांनी पूर्ण ओहोटी. पुनव-अवसेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, तेव्हा उधाण असतं आणि पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं. पण म्हणून धोका नाही असं नाही. वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारायचंच. त्याने नको म्हटलं तर नको.

एक रात्र राहा
३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं रोप लावल्यापासून पीक हातात यायला पाच-सात वर्षं जातात. तोवर अनेक घरांना आधार होता तो खोली भाड्याने देण्याचा, खानावळीचा आणि होडीचा. म्हणून डबा घेऊन येऊन कचरा टाकून जाण्यापेक्षा एक रात्र मुक्काम करा, घरगुती खानावळीत ताजी मासळी किंवा आमटी-भात जेवा, जाताना वाडीतली सुपारी घ्या. दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर जवळच फणसाड अभयारण्य आहे, पूर्वी ते नवाबाचं शिकारीचं रान होतं.

निघायच्या आदल्या रात्री कॅलेंडरवर तिथी बघा आणि किल्ल्याची, पाण्याची वेळ त्यावरून ठरवा. एवढं केलं तरी पुरे.