राजा हिज्कीया : नावाचे ग्रीक रूप व हिब्रू मूळ

नाताळच्या जागरणाच्या मिस्सेत, तसेच १७ डिसेंबर रोजी, मत्तयलिखित शुभवर्तमानातील प्रभू येशूची वंशावळ वाचली जाते. नावांची ती दीर्घ माळ ऐकताना आपले लक्ष अब्राहाम, दावीद, योसेफ, मरिया या परिचित नावांवर थांबते. मधली नावे कानांवरून निघून जातात. त्यांपैकीच एक नाव म्हणजे आहाजाचा पुत्र, यहूदाचा राजा हिज्कीया (मत्तय १:९-१०). जुन्या लॅटिन व इंग्रजी कॅथलिक बायबलमध्ये हाच राजा 'एझेकियास' या नावाने भेटतो. त्यामुळे हा कोणी निराळा राजा, की संदेष्टा यहेज्केल, असा संभ्रम वाचकाला पडू शकतो. म्हणून या नावाचा प्रवास येथे थोडक्यात देत आहोत.

मूळ हिब्रू नाव 'हिझ्कीयाहू' असे आहे. त्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग 'हाझाक' या धातूपासून आला असून त्याचा अर्थ बळकट होणे, बळ देणे असा आहे. 'याहू' हे परमेश्वराच्या पवित्र नामाचे संक्षिप्त रूप होय. 'परमेश्वर बळ देतो' असा नावाचा एकूण आशय आहे. हिब्रू शास्त्रातच या नावाची रूपे बदलतात. होशेय व मीखा यांच्या ग्रंथांच्या पहिल्या वचनात ते 'यहिझ्कीया' असे येते. संदेष्टा यहेज्केल याचे नावही याच धातूपासून बनले आहे. मात्र त्याच्या शेवटी 'याहू'ऐवजी 'एल', म्हणजे देव, हा शब्द आहे. व्यक्ती दोन, काळही वेगळे. अर्थ मात्र जवळजवळ एकच.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. त्यास 'सेप्टुआजिंट' असे म्हणतात. हिब्रू नावाच्या आरंभीच्या घशातून उच्चारल्या जाणाऱ्या 'ह'साठी ग्रीक लिपीत नेमके अक्षर नव्हते, तो गळाला. शेवटच्या 'याहू'चे 'इया' झाले आणि विभक्ती चालवणे सोयीचे व्हावे म्हणून त्यास पुल्लिंगी 'स' जोडला गेला. अशा रीतीने 'एझेकियास' हे रूप सिद्ध झाले. यशया व यिर्मया यांची 'इसाइयास' व 'इरेमियास' ही रूपे याच पद्धतीची आहेत. संत मत्तयाच्या ग्रीक शुभवर्तमानात हेच ग्रीक रूप आहे. तेथून ते लॅटिन व्हल्गेटमध्ये आले. मराठी बायबलने मात्र नव्या करारातही हिब्रूला जवळचे 'हिज्कीया' हे रूप स्वीकारले. त्यामुळे जुना व नवा करार वाचताना राजा एकच आहे हे आपल्या सहज ध्यानी येते.

हे नाव बायबलबाहेरही आढळते. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इ.स.पूर्व ७०१ मध्ये यहूदावर केलेल्या स्वारीची हकिगत मातीच्या स्तंभिकांवर कोरून ठेवली. तीत हिज्कीयाचे नाव 'हझाकियाऊ' असे येते. यरुशलेमच्या ओफेल भागात २००९ साली झालेल्या उत्खननात नखाएवढी मातीची मुद्रा मिळाली. हिज्कीया, आहाजाचा पुत्र, यहूदाचा राजा, असा मजकूर तीवर आहे. पुरातत्त्वज्ञ एलात मझार यांनी २०१५ साली ती जाहीर केली.

परंतु नाव धारण करणे वेगळे आणि ते जगणे वेगळे. 'परमेश्वर बळ देतो' असे नाव असलेल्या राजाने शत्रूच्या भयाने मंदिराच्या दारांचे सोने उतरवून खंडणी दिली, ही गोष्टही शास्त्र झाकून ठेवत नाही (२ राजे १८:१४-१६). पुढे शत्रूचे धमकीपत्र आले. तेव्हा त्याने ते मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरले व प्रार्थना केली. यरुशलेम वाचले. लोकांना धीर देताना त्याने 'बळकट व्हा' असे म्हटले (२ इतिहास ३२:७). तेथे त्याच्याच नावाचा धातू आहे. तो आजारातून बरा झाला, हे सांगतानाही यशयाच्या ग्रंथात (३९:१) तेच क्रियापद योजले आहे. हिब्रू वाचकाला हे साम्य ऐकू येते. भाषांतरात ते हरवते.

बळ राजाचे नव्हते, देणाऱ्याचे होते, हीच या नावाची साक्ष. येत्या नाताळच्या जागरणात वंशावळ ऐकताना हिज्कीयाच्या नावाशी क्षणभर थांबू या. त्या एका नावात एक पूर्ण प्रार्थना सामावलेली आहे.