ट्रेनरच्या विम्याची दोन घराणी

जिममध्ये डंबेल निसटून शेजारच्याच्या पायावर पडलं, तर दोष हलगर्जीपणाचा. ट्रेनरने सांगितलं म्हणून महिनाभर चुकीचा डेडलिफ्ट मारून कुणाची कंबर गेली, तर दोष सल्ल्याचा. दुखणाऱ्याला दोन्ही सारखंच दुखतं. विम्याच्या दप्तरात मात्र या दोन दुखापतींची कुळं वेगळी आहेत. एजंटला नुसतं ‘लायबिलिटीचं काहीतरी काढून द्या’ म्हणणाऱ्या ट्रेनरच्या पदरी यातलं एकच कूळ पडण्याची शक्यता मोठी.

पहिलं घराणं घोडागाडीचं. ज्याच्या चुकीने नुकसान झालं त्यानेच ते भरून द्यावं आणि नोकर चुकला तर मालकाने द्यावं, असं फ्रान्सच्या 1804 च्या नागरी संहितेने ठरवून टाकलं. पॅरिसच्या गल्ल्यांत गाड्या हाकणाऱ्यांच्या मालकांना ते जड जाऊ लागलं, तेव्हा 1825 साली ‘ऑटोमेडॉन’ नावाची कंपनी निघाली. ऑटोमेडॉन म्हणजे ‘इलियड’मधला अकिलीसचा सारथी, नाव सुचवणाऱ्याला दाद द्यायला हवी. तुमच्या गाडीखाली कुणी आलं तर भरपाई आम्ही देऊ, एवढाच तिचा धंदा. पण लोकांना तो पचेना. आगीचा, जहाजाचा विमा ठीक. स्वतःच्याच चुकीचा कसला विमा? मग गाडीवान लगाम आवरेल कशाला? वाद न्यायालयात गेला आणि 1845 साली पॅरिसमध्ये असे करार वैध ठरले. जुनी शंका मात्र पुरती मेली नाही: जाणूनबुजून केलेल्या इजेला संरक्षण नाही, हे कलम आजच्या पॉलिसीतही आहे.

इंग्लंडमध्ये 1880 साली कामगारांच्या अपघातांची जबाबदारी मालकांवर टाकणारा कायदा आला आणि त्याच वर्षी ती जोखीम उचलणारी कंपनीही लंडनमध्ये उभी राहिली. पुढे या घराण्याचा विस्तार दुकानं, हॉटेलं, क्लब असा होत गेला. पब्लिक लायबिलिटी म्हणतात ती हीच. आपल्याकडे या नावाचा 1991 चा एक कायदाही आहे, पण तो भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आलेला, घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठीचा. ट्रेनरचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसरं घराणं डॉक्टरांचं. 1880 च्या दशकात इंग्लंडमध्ये एका डॉक्टरवर रुग्णस्त्रीने हल्ल्याचा आरोप केला. त्याला शिक्षा झाली आणि तो निर्दोष असल्याचं मान्य होईपर्यंत त्याचे कित्येक महिने तुरुंगात गेले. व्यवसायबंधू हादरले. 1885 साली डॉक्टरांच्या वर्गणीवर चालणारी मेडिकल डिफेन्स युनियन स्थापन झाली. ती विमा कंपनी नव्हती, पण व्यावसायिकाला भरपाईच्या आधी वकिलाची फी लागते, हे तिने ओळखलं होतं. आजही पॉलिसी घेताना विचारावं: बचावाचा खर्च विम्याच्या रकमेतूनच कापला जातो, की वेगळा मिळतो?

याच घराण्यातून आणखी एक अवघड चाल आली. डॉक्टरच्या चुकीचे दावे पाच-दहा वर्षांनीही येतात. 1970 च्या दशकात अमेरिकेत त्यांनी विमा कंपन्यांना घाम फोडला, तेव्हा नवा नियम रुळला: दुखापत कधीही झालेली असो, दावा येईल त्या दिवशी चालू असलेली पॉलिसी पैसे देईल, आणि तेही ठरलेल्या मागच्या तारखेनंतरच्याच कामाबद्दल. हीच रेट्रोअॅक्टिव्ह डेट. पाठीचं, गुडघ्याचं दुखणं हळूहळू वर येतं. म्हणून पाचशे रुपये वाचवायला दर वर्षी कंपनी बदलणाऱ्या ट्रेनरने आधी नव्या पॉलिसीवरची ही तारीख वाचावी.

ट्रेनर डॉक्टरांच्या घराण्यात कसा शिरला, याचं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. 1998 साली तिथल्या एका जिममध्ये उच्च रक्तदाबाची औषधं घेणारी एक स्त्री व्यायाम करताना कोसळली आणि दगावली. तिच्या ट्रेनरने इफेड्रा हे उत्तेजक असलेली सप्लिमेंट्स सुचवली होती, असा आरोप होता. 2006 मध्ये तडजोड झाली ती 40 लाख डॉलरहून अधिक रकमेवर. यात ना डंबेल पडलं होतं, ना कुणी घसरलं होतं. सप्लिमेंटचा सल्ला पॉलिसीतून वगळलेला असू शकतो. अपवादांची यादी तेवढ्यासाठी तरी वाचावी.

‘स्वतःच्या जबाबदारीवर व्यायाम करत आहे’ या सहीवर कितीजण विसंबतात! फी घेणाऱ्या जिमने असं लिहून घेतलेलं न्यूयॉर्कमध्ये 1976 च्या कायद्याने रद्दबातल ठरवलं. ब्रिटनमध्ये 1977 च्या कायद्यानंतर निष्काळजीपणाने झालेल्या इजेची जबाबदारी व्यावसायिकाला सही घेऊन झटकता येत नाही.

आपल्याकडे पूर्वी तालमीत खांदा निखळला तर वस्ताद स्वतः तेल लावून बसवत, कुणी कोर्टात जात नसे. महिन्याची फी आणि पावती आली की नातं बदलतं. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली आणि प्रोफेशनल इन्डेम्निटी हे दुसऱ्या घराण्याच्या विम्याचं नाव आपल्या दवाखान्यांत रुळलं. पैसे घेऊन शिकवणारा ट्रेनरही त्याच कायद्याच्या कक्षेत येतो.

जिमची पॉलिसी मुळात जिमची. फ्रीलान्स ट्रेनरचं नाव तीत आहे का, हे कागदावरच पाहावं, मालकाच्या तोंडी शब्दावर नव्हे. आणि पुण्यात बसून न्यू जर्सीतल्या आत्याला व्हिडिओवर स्क्वॉट्स शिकवणाऱ्याने अधिकारक्षेत्राचं कलम शोधावं. तिथे ‘फक्त भारत’ लिहिलेलं असेल, तर आत्याच्या गुडघ्याचा अमेरिकेतला दावा त्याला स्वतःच्या खिशातून लढवावा लागेल.