तटस्थतेची दोन रूपे



मी भाषेचा अध्यापक, कायद्याचा नव्हे. म्हणून एका शब्दापासूनच प्रारंभ करतो. ‘तटस्थ’ म्हणजे तटावर उभा असलेला. वादाच्या प्रवाहात न उतरणे हा न्यायाधीशाचा धर्मच होय. परंतु न्यायाधीशाच्याच वर्तनाचा निर्णय करावयाचा असेल, तेव्हा निर्णय करणाऱ्यांनी तटावर उभे राहून चालेल काय?

इंग्लंडात एके काळी राजाची मर्जी असेतो न्यायाधीश पदावर राहत. १७०१ च्या कायद्याने मर्जीच्या जागी सद्वर्तन ही कसोटी आणली. आपल्या घटनाकारांनीही अनुच्छेद १२४ मध्ये पदच्युतीची वाट हेतुतः अवघड ठेवली. गैरवर्तन सिद्ध व्हावे. शिवाय दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश मताधिक्य लाभावे. सत्ताधाऱ्यांच्या रोषापासून न्यायाधीशाचे रक्षण व्हावे, हा त्यामागील हेतू.

या तरतुदीची कसोटी लागली ती न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणात. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असताना त्यांनी शासकीय निवासस्थानादींवर केलेल्या खर्चाविषयी आक्षेप होते. १९९१ साली १०८ खासदारांनी प्रस्ताव दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील त्रिसदस्य समितीने चौदापैकी अकरा आरोप सिद्ध झाल्याचा निष्कर्ष काढला. ११ मे १९९३ रोजी लोकसभेत मतदान झाले. प्रस्तावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही नाही. काँग्रेस व तिच्या मित्रपक्षांचे २०५ सदस्य तटस्थ राहिले. प्रस्ताव फेटाळला गेला. त्यांना निर्दोष म्हणण्यास कोणी पुढे आले नाही. दोषी म्हणण्याचे धैर्यही पुरेशांपाशी नव्हते.

पदच्युती आणि मौन यांच्यामध्ये काहीच नाही, ही उणीव त्या दिवशी उघडी पडली. पुढे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांसाठी आचारमूल्ये ठरविली. १९९९ साली अंतर्गत चौकशीची पद्धत स्वीकारली. २०११ साली राज्यसभेने कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव १८९ विरुद्ध १७ मतांनी संमत केला, तेव्हा लोकसभेच्या मतदानापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येक जण आज निर्णयाच्या आसनांवर बसले आहेत. पुरावा ऐकेपर्यंतची तटस्थता हा न्याय होय. पुरावा ऐकून झाल्यावरची तटस्थता हाही एक निर्णयच असतो. फक्त त्याखाली कोणाची स्वाक्षरी नसते. एवढा भेद आपण ध्यानी ठेवावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.