बाहेरकाठ्याची राखण

मोजणीच्या नकाशात खारबांध म्हणजे नुसती एक रेघ. खेकड्याने पोखरलेले भोक तिच्यात दिसत नाही, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तेवढे भोक पुरते. खांड पडली की खारे पाणी भातशेतात शिरते. मग मीठ धुऊन जायला पावसाळे मोजत बसायचे.

जुन्या कुलाबा जिल्ह्यात, विशेषतः पेणकडे, ही भोके शोधायची कोणी? बाहेरकाठा, म्हणजे समुद्राकडचा बांध, राखण्याची जबाबदारी शिलोत्रदाराची. त्याबद्दल त्याला कुळांकडून धान्य मिळे, तो शिलोत्री मण. ही व्यवस्था फार न्यायाची होती असे मी म्हणणार नाही. चिखलात उतरणारे हात बहुधा कुळांचेच असत.

1955च्या कायद्याने शिलोत्री हक्क गेले. गेले ते बरेच झाले. पण मणाबरोबर बांधाचा जाब विचारायचे ठिकाणही गेले, याकडे अभ्यासकांनी फारसे पाहिलेले नाही. 1948चा आणि पुढे 1979चा खारभूमी कायदा, दोन्हींत योजना आहेत, खर्चाची वाटणी आहे. भरतीच्या वेळी बांधावरून चालत जाऊन आतल्या अंगाला ओल फुटली का, हे पाहणारा माणूस मात्र मला त्यांत सापडत नाही.