पंधरवड्याची चूक

३० ऑक्टोबर १८६० रोजी लंडनच्या 'टाइम्स' पत्रात विल्की कॉलिन्सच्या 'द वूमन इन व्हाइट' या कादंबरीचे परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यात परीक्षणकर्त्याने एक हिशेब मांडला होता. कादंबरीतील तारखा ओळीने मांडून पाहिल्या, तर नायिका लेडी ग्लाइड हिने ऑगस्टच्या नऊ किंवा दहा तारखेपूर्वी पतीचे घर सोडलेलेच असू शकत नाही; आणि तसे असेल, तर तिसऱ्या खंडाची सारी इमारत पायासकट ढासळते. कॉलिन्सने तात्काळ प्रकाशकाला कळविले की, टीकाकाराचे म्हणणे बरोबर आहे. शेक्सपियरने याहून मोठ्या चुका केल्या आहेत अशी मखलाशीही त्याने केली. परंतु चूक तशीच राहू दिली नाही. १८६१ च्या आवृत्तीत त्याने त्या तारखा सुमारे एका पंधरवड्याने मागे नेल्या.

एरवीच्या कादंबरीत एवढी चूक कोणाच्या ध्यानातही आली नसती. येथे मात्र सारे कारस्थानच एका दिवसावर उभे आहे. लॉरा आणि अ‍ॅन या दोन स्त्रिया दिसण्यात सारख्या. अ‍ॅन मरण पावते, तिला लॉराच्या नावाने पुरण्यात येते. आणि जिवंत लॉराला अ‍ॅनच्या नावाने वेड्यांच्या इस्पितळात कोंडण्यात येते. लॉरा ही लॉराच आहे हे सिद्ध करण्यास एकच साधन उरते : तथाकथित लेडी ग्लाइड लंडनमध्ये मरण पावली त्या दिवशी खरी लेडी ग्लाइड आपल्या घरीच होती, घराबाहेर पडली ती त्यानंतर. ही तारीख शोधून काढण्यासाठी नायक शेकडो पाने धडपडतो आणि वाचक श्वास रोधून त्याच्यामागून जातो. तारीखच चुकली असेल तर वाचकाने तो श्वास कशासाठी रोधावयाचा?

आपल्याकडे या वाङ्मयप्रकाराला 'रहस्यकथा' हे नाव रूढ झाले आहे. नाव चांगले आहे, पण ते लक्ष चुकीच्या जागी वेधते. 'रहस्य' म्हणजे लपविलेली गोष्ट. त्यामुळे लपविणे हीच लेखकाची कला, असा समज होतो. याउलट वाचकाची जी अवस्था होते तिला मराठीत एक नेमका शब्दप्रयोग आहे : जीव टांगणीला लागणे. टांगणीला लागलेल्या माणसाला पुष्कळ काही ठाऊक असते. परीक्षा दिलेली असते, निकालाचा दिवस माहीत असतो, आणि म्हणूनच जीव टांगलेला असतो. ज्याला काहीच ठाऊक नाही तो खुशाल झोपतो. कॉलिन्सचे मोठेपण मला वाटते ते येथे आहे. किती लपवावे यापेक्षा किती सांगावे, आणि कोणाच्या तोंडून, हा त्याचा खरा प्रश्न होता.

त्याला हे कोठून साधले? तो १८४६ मध्ये लिंकन्स इनमध्ये दाखल झाला होता आणि १८५१ मध्ये बॅरिस्टर झाला होता. वकिली त्याने केली नाही. पण न्यायालयाची रीत त्याच्या अंगी मुरली. पॅरिसमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला गाजलेल्या फ्रेंच खटल्यांचे मेजाँ याने संपादिलेले खंड मिळाले. त्यांत मार्कीझ द दूओ या सरदारस्त्रीची हकिकत होती. नातलगांनी तिला गुंगीचे औषध पाजले, ती मेल्याची आवई उठवून मालमत्ता बळकावली आणि तिला दुसऱ्याच नावाने कोंडून ठेवले. पुढे ती सुटली. परंतु कायद्याने तिला तिचे नाव परत दिले नाही. लॉराची कथा येथून आली.

कथेइतकीच महत्त्वाची आहे ती तिच्या निवेदनाची रीत. कादंबरीच्या आरंभीच सांगितले आहे की, न्यायालयात एकामागून एक साक्षीदार उभे राहावेत तशी ही गोष्ट अनेकांच्या मुखांतून सांगितली जाईल. प्रत्येकाने स्वतः पाहिले तेवढेच सांगावयाचे. या एका नियमाने लेखकाची मोठी अडचण दूर होते. सर्वज्ञ निवेदक जेव्हा एखादी गोष्ट दडवितो तेव्हा तो, स्पष्टच बोलायचे तर, वाचकाशी लबाडी करीत असतो. साक्षीदाराला लबाडी करावी लागत नाही. त्याला ती गोष्ट दिसलेलीच नसते.

डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात ही कादंबरी २६ नोव्हेंबर १८५९ ते २५ ऑगस्ट १८६० अशी चाळीस आठवडे चालली. ज्या अंकात डिकन्सची 'अ टेल ऑफ टू सिटीज' संपली त्याच अंकात हिचा आरंभ झाला. दर आठवड्याला वाचकाला कोठे सोडावयाचे याचा विचार अशा लेखनात अटळ असतो. तारखांची गफलतही बहुधा याच धावपळीतली. पुढचा हप्ता छापखान्यात जायचा असताना मागच्या तीस हप्त्यांचे पंचांग कोण तपासीत बसणार!

आठ वर्षांनी, १८६८ च्या जानेवारी ते ऑगस्टमध्ये, त्याच साप्ताहिकात 'द मूनस्टोन' आली. यावेळी काळाचा हिशेब हाच रहस्यभेदाचे हत्यार झाला आहे. २१ जून १८४८ च्या रात्री रेचेलचा हिरा नाहीसा होतो. तिच्या खोलीच्या नव्याने रंगविलेल्या दारावर एके ठिकाणी रंग फासटलेला दिसतो. हा रंग वाळण्यास बारा तास लागतात. शेवटचा हात दुपारी तीनला दिलेला. मध्यरात्री दार पाहिले तेव्हा डाग नव्हता. म्हणजे बारा ते तीन या तीन तासांत कोणाचे तरी वस्त्र तेथे घासले. सार्जंट कफ हा हिशेब वाचकासमोर उघडपणे मांडतो. आणि तरीही तो चुकतो, कारण त्याचा संशय खुद्द रेचेलवर जातो!

ज्यांनी पुस्तक वाचले नसेल त्यांनी क्षमा करावी. पण येथे उलगडा सांगणे भाग आहे. हिरा उचलला तो फ्रँकलिन ब्लेकने, म्हणजे चोराचा सर्वांत कसून शोध करणाऱ्या माणसानेच. वाढदिवसाच्या जेवणात डॉक्टरशी त्याचा औषधावरून खटका उडतो. डॉक्टर त्याला नकळत अफू देववितो. त्या गुंगीत हिरा सुरक्षित ठेवावा या काळजीनेच ब्लेक तो उचलतो. नंतर त्याला काही आठवत नाही. यातले काय लपविले होते? सिगार सोडल्यामुळे त्याची गेलेली झोप, तो खटका, त्या रात्री पावसात भिजून डॉक्टर तापाने पडला हे, म्हातारा कारभारी बेटरेज आपल्या घरगुती बडबडीत सारे सांगून टाकतो. आपण ते बडबड म्हणून सोडून देतो. प्रस्तावनेत कॉलिन्सने म्हटले आहे की, पूर्वी परिस्थितीचा स्वभावावर होणारा परिणाम दाखविला, येथे स्वभावाचा परिस्थितीवर होणारा परिणाम दाखवावयाचा आहे. रेचेल बोलली असती तर कादंबरी चाळीस पानांत आटोपती. तिने ब्लेकला हिरा उचलताना पाहिले आहे, तिचे त्याच्यावर प्रेम आहे, आणि ती मानी आहे. म्हणून ती गप्प राहते. टांगणीची दोरी तिच्या स्वभावाची आहे, लेखकाच्या हातचलाखीची नव्हे.

मराठी वाचकाला या प्रकाराची गोडी लागली ती अधिक करून रेनॉल्ड्समुळे. हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिति' १८८५ मध्ये त्याच्याच कादंबरीच्या आधाराने अवतरली. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या आणि घरोघर वाचक घडविले. आम्ही शिक्षक मात्र विद्यार्थ्याच्या दप्तरात अशी पोथी सापडली की ती जप्त करीत आलो. जप्त करण्यापूर्वी त्या मुलाला एवढेच विचारावयास हवे होते : शेवट कळल्यावर तू मागची पाने पुन्हा उलटून पाहिलीस काय, आणि लेखकाने तुला फसविले होते काय?

'मूनस्टोन'च्या शेवटाविषयी थोडे सांगितले पाहिजे. कथेचा आरंभ १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेथील लुटीने होतो. त्या स्वारीत निजामाची फौजही इंग्रजांच्या बाजूने होती, हे दक्षिणेतील वाचकाला आठवेलच. हिरा मूळचा सोमनाथच्या चंद्रदेवाचा. त्याच्या मागावर तीन ब्राह्मण पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने अखेरीस ते खुनीही ठरतात. पण १८५७ नंतर अवघ्या अकरा वर्षांनी लंडनच्या वाचकाचा जीव कॉलिन्सने टांगून ठेवला तो त्यांच्याही बाजूने. शेवटची साक्ष काठेवाडात हिंडणाऱ्या एका इंग्रज प्रवाशाची आहे. देवाच्या कपाळी हिरा पुन्हा झळकतो. व्रतभंगाचे प्रायश्चित्त म्हणून ते तिघे जन्मभराचा निरोप घेऊन तीन वाटांनी निघून जातात. प्रवासी गर्दीत उभा राहून पाहत असतो, आणि कोणालाही अडवीत नाही.