लुगडं तेच, मान मात्र जातीनं!

शिमग्यात कोकणातल्या नमन-खेळ्यांत राधा आणि गवळणी पुरुषच होत आले. गाव टाळ्या देतं. पण तोच पुरुष एरवी जरा लचकत चालला की 'बायल्या' ठरतो. लुगड्याला मान कधी आणि शिवी कधी, हे कोण ठरवतं? मुरुडमधून आम्ही हा प्रश्न विचारतो आहोत.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, संगीत नाटकांतल्या स्त्रीभूमिकांनी अजरामर झाले. घरंदाज बायकांनी त्यांची वेशभूषा उचलली. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. तमाशाच्या फडातला नाच्याही लुगडंच नेसत होता, गात होता, नाचत होता. पण फड उभे केले ते महार-मांग कलावंतांनी. म्हणून तिथे कलेला 'अभिजात' म्हटलं नाही, आणि 'नाच्या' हा शब्दच शिवी झाला. फरक कलेचा नव्हता, जातीचा होता.

याच तमाशाच्या साच्याला आपल्या माणसांनी हत्यार बनवलं. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढे त्याच्या जलशांनी गण, गवळण, वग हा साचा ठेवला आणि आशय बदलला. भटशाहीची, सावकारीची टर उडवली. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, त्याच काळात भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. अंधश्रद्धा, दारू, अस्पृश्यता, शिक्षण हे वगाचे विषय झाले. ढोलकी-तुणतुण्याच्या साथीला झीलकऱ्यांचे गळे होते. बाईची भूमिका पुरुषच करत, पण शृंगाराला फाटा दिलेला. लुगडं नेसलेला कार्यकर्ता प्रेक्षकाला भुलवत नव्हता, विचार करायला लावत होता.

मग बायका मंचावर का नव्हत्या? कारण आपल्या बायांना मुरळी, जोगतीण करून नाचवणारी व्यवस्था डोळ्यांसमोर होती. १९३६ साली मुंबईत बाबासाहेबांनी याच स्त्रियांना ते जिणं सोडायला सांगितलं. त्याआधी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना जात दाखवणारी लुगड्याची पद्धत आणि दागिने टाकायला सांगितले होते. मुरुड तेव्हा सिद्दी नवाबाच्या जंजिरा संस्थानात होतं, महाड इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात. आज दोन्ही रायगडमध्ये आहेत. कपडा ही राजकीय गोष्ट आहे, हा धडा आपल्याच जिल्ह्यात दिला गेला.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. महाडला बाया स्वतः आल्या होत्या. जलशात मात्र त्यांचं दुःख पुरुषाच्या तोंडून आलं. सावधगिरी समजते, पण ती कायमची रीत होऊ नये.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला १९९३ साली 'किन्सी सिक्स' नावाचा चमू निघाला. बाईच्या वेशातले पुरुष, वाद्य एकही नाही, फक्त गळे आणि राजकीय टवाळी. लोक त्याला नवं म्हणतात. वेश आणि विनोद घेऊन सत्तेला टोचण्याचं काम आपल्या जलशांनी त्याच्या कितीतरी आधी केलं होतं.

मित्रांनो, १४ एप्रिलला डीजेवर पैसे उधळण्याआधी वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे बसा. जलशात लुगडं कोण नेसायचं, ते विचारा आणि लिहून ठेवा. मुली आणि तृतीयपंथी साथींना मंचावर हक्कानं जागा द्या. आणि 'नाच्या' ही शिवी आपल्या तोंडातून कायमची हद्दपार करा. ती आपल्याच पूर्वजांना दिलेली शिवी आहे.

जय भीम!